पन्नास लाखांचे वऱ्हाड, शेहेचाळीस लाखांचा हिरा

1891 साली अमरावती, अकोला, बुलढाणा, एलिचपूर, वाशीम आणि वणी या सहा जिल्ह्यांचा कारभार इंग्रज पाहत होते, पण दप्तरी वऱ्हाड हैदराबादच्या निजामाचेच होते. सारा इंग्रजांचे तहसीलदार वसूल करीत, न्यायनिवाडा इंग्रजांची कोर्टे करीत, आणि तहनाम्याच्या भाषेत मात्र मुलखाचा धनी मीर महबूब अली खान, सहावा निजाम. त्याच वर्षी या धन्याने एका हिऱ्यासाठी 46 लाख रुपये मोजायचे ठरवले. त्यांतले 23 लाख हिरा हातात पडण्याआधीच देऊन टाकले आणि हिरा पाहिल्यावर तो नको म्हणून सांगितले. पैसे परत आले नाहीत. प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात फौजदारी खटला म्हणून उभे राहिले आणि हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत संस्थानिकाला शपथेवर जबानी द्यावी लागली.

राजदरबारातल्या जवाहिराच्या फसवणुकीची जगातली सर्वांत गाजलेली गोष्ट फ्रान्समधली आहे. हैदराबादच्या प्रकरणाच्या एकशेसहा वर्षे आधीची. ती आधी समजून घेतली, की कलकत्त्यात नेमके काय पणाला लागले होते ते कळते.

पॅरिसच्या बोमर आणि बासांज या दोन जवाहिऱ्यांनी पंधराव्या लुईच्या काळात एक हार घडवायला घेतला. राजाच्या मर्जीतल्या मादाम द्यू बारीसाठी तो होता. एकूण 647 हिरे आणि वजन सुमारे 2800 कॅरेट. हिरे गोळा करता करता दोघे कर्जात बुडाले. त्यात राजा देवीच्या साथीत वारला, द्यू बारीची राजवाड्यातून रवानगी झाली आणि हार जवाहिऱ्यांच्या गळ्यात पडला. नव्या राणीने, मारी आंत्वानेतने, तो घ्यायला नकार दिला. पुढे पुन्हा विचारले तेव्हाही तिचे उत्तर तेच होते. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या साऱ्या अनर्थात राणीने काही केले असेल तर एवढेच, की हार घेतला नाही.

जान द ला मोत नावाच्या बाईने या अडलेल्या हाराचा वास काढला. जुन्या राजघराण्याच्या एका पडझड झालेल्या शाखेतली ती होती. नाव मोठे आणि पदरी काही नाही, अशी तिची अवस्था. दुसरीकडे कार्दिनाल लुई द रोआं हा बडा धर्माधिकारी राणीच्या मर्जीतून उतरला होता आणि पुन्हा मर्जीत येण्यासाठी वाटेल ते करायला तयार होता. जानने त्याला पटवले, की राणीशी तिचे गुप्त सख्य आहे. रेतो द व्हिलेत नावाचा तिचा साथीदार राणीच्या नावाने पत्रे लिहून देई. 1784 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री व्हर्सायच्या बागेत निकोल लगे नावाच्या मुलीला राणीसारखा वेष देऊन उभे केले. अंधारात कार्दिनाल झुकला, तिने त्याला गुलाबाचे फूल दिले, दोन शब्द पुटपुटले, आणि कोणी येत असल्याची हूल उठवून भेट मोडली. कार्दिनालचा संशय तिथेच संपला.

पुढचे काम सोपे होते. राणीला हार हवा आहे, पण राजाच्या कानावर जाऊ द्यायचे नाही, तेव्हा व्यवहार तुम्ही करा, असा निरोप त्याला गेला. किंमत ठरली सोळा लाख लिव्र, दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायची. करारावर सही आली ‘फ्रान्सची मारी आंत्वानेत’. राण्या फक्त आपले नाव लिहितात, पुढे देशाचे नाव जोडत नाहीत, हे दरबारी रिवाजात मुरलेल्या कार्दिनालला कळायला हवे होते. 1785 च्या फेब्रुवारीत हार त्याच्याकडून जानच्या माणसाच्या हाती गेला आणि तिथेच त्याचे तुकडे पडले. हिरे उचकटून काढून लंडनच्या बाजारात विकले गेले. पहिला हप्ता थकला, बोमर थेट राजवाड्यात गेला आणि बिंग फुटले. 15 ऑगस्टला, सणाच्या दिवशी, पूजेच्या पोशाखात असलेल्या कार्दिनालला सगळ्या दरबारादेखत कैद झाली.

राजाने हे प्रकरण उघड न्यायसभेपुढे नेले. त्याला वाटले, सत्य बाहेर आले की राणीची अब्रू राहील. 31 मे 1786 रोजी निकाल लागला. जानला फटके, खांद्यावर चोराचा डाग आणि जन्माची कैद. कार्दिनाल मात्र निर्दोष. रस्त्यावर लोकांनी त्याचा जयजयकार केला. यातली मेख अशी: कार्दिनाल निर्दोष म्हणजे तो प्रामाणिकपणे फसला. आणि तो प्रामाणिकपणे फसला हे मान्य करायचे, तर फ्रान्सची राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटेल आणि नवऱ्याच्या चोरून हिऱ्यांचा हार घेईल, यावर एखाद्या शहाण्या माणसाने विश्वास ठेवणे न्यायसभेने साहजिक मानले. शिक्षा दुसऱ्या कोणालाही झाली असो, अपराधी ठरली ती राणी. खटल्यात तिच्यावर आरोप नव्हता, म्हणून तिला बचावही करता आला नाही.

आता हैदराबाद. पण तिथे जाण्याआधी वऱ्हाडातून जावे लागते, कारण या दरबाराचा पैशाशी कसा संबंध होता, हे वऱ्हाडाइतके दुसऱ्या कोणी सोसलेले नाही.

अठराव्या शतकात वऱ्हाडच्या वसुलीत निजाम आणि नागपूरकर भोसले असे दोघे वाटेकरी होते. एकाच गावात दोन धन्यांची माणसे यायची. 1803 मध्ये अकोला भागातल्या आडगावची लढाई झाली, पाठोपाठ गाविलगड पडला, भोसल्यांचा वाटा गेला आणि वऱ्हाड एकट्या निजामाकडे राहिले. रयतेला त्याने सुख लागले नाही. दिवाण चंदुलालच्या काळात तिजोरीत खडखडाट होता, आणि खडखडाट झाला की दरबार सावकाराकडे जाई. सावकार तारण मागे, तारण म्हणून जिल्हे लिहून दिले जात. हैदराबादचा सावकार पूरणमल याच्या मक्त्यात वऱ्हाडचा मोठा भाग होता. 1839 मध्ये इंग्रज रेसिडेंटच्या दबावाने त्याला काढले, तर त्याची जागा पेस्तनजी या पारशी पेढीने घेतली. या पेढीला थोडा न्याय द्यायला हवा. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यात तिचा हात मोठा होता, आणि खामगावात कापूस दाबण्याचे पेच तिनेच बसवले. पुढे चंदुलाल पायउतार झाला, पेढीची देणी थकली आणि तिच्याकडून जिल्हे काढून घेण्यात आले. मक्तेदार बदलले तरी मक्त्याची रीत तीच होती. ज्याने दरबाराला कर्ज दिले त्याने ते कुणब्याच्या खळ्यावरून वसूल करायचे. खळ्यावरच्या कुणब्याने मात्र ते कर्ज कधी काढले नव्हते.

या सगळ्या सावकारांहून मोठा सावकार कंपनी सरकार. हैदराबादच्या नावाने एक फौज उभी होती. तिचे अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा. शांततेच्या काळात एवढी फौज पोसण्याचे बंधन कोणत्याच तहात नाही, अशी हैदराबादची तक्रार होती आणि ती तक्रार मला रास्त वाटते. खर्च थकत गेला, कंपनीने तो आपल्याकडून भरून निजामाच्या नावे मांडला, त्यावर व्याज चढले. लॉर्ड डलहौसीने तगादा लावला. दरबाराने जवाहीर गहाण टाकून पैसा उभा करण्याची धडपड केली, ती पुरी पडली नाही. 21 मे 1853 रोजी निजाम नासिरुद्दौल्याने तहावर सही केली आणि वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. 1860 च्या तहात नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले, कर्जाचे 50 लाखही सोडून दिले गेले. वऱ्हाड मात्र परतले नाही. शेजारी नागपुरात 1854 मध्ये राज्यच खालसा झाले आणि भोसल्यांचे हत्ती, घोडे, दागदागिने लिलावात निघाले. तिथे उघडउघड जप्ती होती. वऱ्हाडाच्या बाबतीत शब्द सौम्य होते: मुलूख निजामाचा, कारभार आमचा, शिल्लक उरली तर ती निजामाची.

वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात. ते सोने इंग्रजांच्या हाती येताच निघू लागले. रेल्वे आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला आणि इथले भाव चढले. लिव्हरपूलच्या बाजारात या भागाचा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून विकला जाऊ लागला. हैदराबादला हे दिसत होते. दिवाण पहिल्या सालारजंगाने वऱ्हाड परत मिळवण्यासाठी अर्ज केले, 1876 मध्ये तो विलायतेपर्यंत जाऊन आला. त्याचा युक्तिवाद साधा होता: गहाण सोडवायला आम्ही तयार आहोत, मग माल द्या. उत्तर नकाराचे आले.

सालारजंग 1883 मध्ये गेला. पुढच्या वर्षी लॉर्ड रिपनने हैदराबादला येऊन अठराव्या वर्षात असलेल्या महबूब अली खानाला राज्याची पूर्ण मुखत्यारी दिली. तीन वर्षांचाही नसताना तो गादीवर बसला होता. दिलदार, शौकीन, लोकांच्या प्रेमातला राजा. कपड्यांचा त्याला इतका नाद होता, की पुराण्या हवेलीत नुसत्या कपाटांची लांबच लांब दालने होती. अशा माणसापर्यंत पोचायचे तर त्याच्या पोशाखापाशी असणाऱ्या नोकराला गाठावे लागे. त्या नोकराचे नाव अल्बर्ट आबिद, जातीने आर्मेनियन. निजामाला काय दाखवायचे आणि कधी दाखवायचे, हे पुष्कळसे त्याच्या हातात होते, आणि विकणाऱ्यांकडून तो आपले कमिशन घेई. हैदराबादचा आबिड्‌स हा गजबजलेला भाग त्याच्याच दुकानावरून ओळखला जातो.

विकणारा होता अलेक्झांडर माल्कम जेकब. तुर्की साम्राज्यात जन्मलेला, सिमल्यात जवाहीर आणि जुन्या वस्तूंचे दुकान थाटलेला. व्हाइसरॉयच्या मेजवान्यांपासून संस्थानिकांच्या अंतःपुरांपर्यंत त्याची ये-जा. तो शाकाहारी होता, घोडे उत्तम बाळगी, आणि त्याला मंत्रतंत्र येते असा बोलबाला होता. पाहुण्यांना चमत्कार दाखवी, असे लोक सांगत. किपलिंगच्या ‘किम’मधला लर्गनसाहेब त्याच्यावरून बेतला आहे आणि क्रॉफर्डची ‘मिस्टर आयझॅक्स’ ही कादंबरीही. फ्रान्सच्या प्रकरणातही असा एक जादूगार होता, काल्योस्त्रो. कार्दिनाल त्याच्या सल्ल्याने चाले आणि तोही पकडला गेला, सुटला. श्रीमंतांच्या घरी गूढ माणसाला दार लवकर उघडते. जवाहिराच्या धंद्यात तर ही गोष्ट फार कामाची, कारण तिथे मालापेक्षा आधी माणसावर विश्वास बसावा लागतो.

हिरा दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतला. कच्चा असताना साडेचारशे कॅरेटहून अधिक वजनाचा. 1887 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये त्याला पैलू पाडले, तेव्हा नेदरलँड्सची राणी पाहायला आली होती. पैलू पाडून उरलेले वजन 184.75 कॅरेट. आपल्या मापाने तीन तोळ्यांच्या थोडा वर. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी तीन, म्हणजे मुठीत घेतला तर बोटे पुरती मिटणार. कोहिनूर याच्यापुढे 105.6 कॅरेटचा. अशा दगडाला जगात गिऱ्हाइके किती? लंडनच्या मालकांना ती सापडेनात. जेकबने आबिदच्या मार्फत निजामाला हिऱ्याची नक्कल दाखवली, बोलणी सुरू झाली आणि 46 लाखांवर ठरले. लंडनहून मात्र जेकबने तो निम्म्याहून कमी किमतीत जमवला होता. मधले पंचवीस लाखांच्या आसपास त्याचे.

इथे धंद्याची एक रीत समजून घ्यायला हवी. अमरावतीच्या परकोटाच्या आतल्या सराफ्यात किंवा अकोल्याच्या सराफ बाजारात ती आजही कळते. एखाद्या घरी लग्न निघाले, की सराफ दोन-चार नग जांगड देतो. चिठ्ठीवर वजन, नगांची संख्या आणि भाव लिहितो, घेणाऱ्याचे नाव टाकतो. घरातल्या बायका दागिना गळ्याला लावून बघतात, सासूबाई वजनाचा अंदाज घेतात, कोणी खिडकीपाशी नेऊन घडण न्याहाळते. पसंत पडले तर पैसे, नाही तर ठरल्या दिवशी माल परत. तोवर दागिना सराफाचा. घेणाऱ्याने तो मधेच कुठे गहाण टाकला, तर ती अफरातफर. दुसरी रीत इसाराची. सौदा पक्का झाला, की काही रक्कम आधी द्यायची. मग घेणारा फिरला तर इसार बुडतो. दोन्ही रीती जुन्या आहेत आणि चालतात त्या एवढ्याचसाठी, की कोणती रीत चालू आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

हैदराबादेत नेमके हेच धूसर राहिले. माल जांगडीचा, पण पैसा आधी गेलेला. मालक हिरा सहजासहजी हातावेगळा करणार नव्हते, म्हणून निम्मी रक्कम जमा करण्याची अट आली आणि 23 लाख रुपये जेकबला पोचले. निजामाच्या बाजूचे म्हणणे: ही अनामत होती, हिरा पसंत पडला तरच सौदा, नाही तर रक्कम परत. जेकबचे म्हणणे: सौदा झालेला होता, रक्कम किमतीपैकी होती. त्या पैशातूनच त्याने हिऱ्याची किंमत चुकवायला घेतली होती. पैसे हातचे गेलेले, तेव्हा परत करणार कुठून?

1891 च्या जुलैत जेकब हिरा घेऊन हैदराबादेत आला. दरम्यान रेसिडेंटच्या कानावर गोष्ट गेली होती. संस्थानावर देणी असताना निजामाने 46 लाखांचा दगड घेणे इंग्रजांना मान्य नव्हते. चौमहल्ला राजवाड्यात हिरा दाखवला गेला आणि निजामाने तो नापसंत केला. खरोखर नापसंत पडला, की रेसिडेंटच्या धाकाने तसे म्हणावे लागले, हा सगळ्या खटल्याचा गाभा होता. मला वाटते, हिरा त्याला हवाच होता. पुढे त्याने तो ठेवून घेतला, हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा.

पैसे परत न आल्याने फिर्याद झाली: विश्वासाने सोपवलेली रक्कम लाटल्याची. कलकत्त्याच्या हायकोर्टात खटला उभा राहिला आणि जेकबच्या बचावासाठी निजामाची साक्ष आवश्यक ठरली. संस्थानिकाने कोर्टाच्या पिंजऱ्यात उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून हैदराबादेत कमिशन बसवून त्याची जबानी घेण्यात आली. पंचवीस वर्षांचा राजा वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देत होता. पसंत म्हणालात की नाही? आबिदला काय सांगितले होते? पैसे कशाचे होते? ज्या दरबारात निजामाचा शब्द हाच कायदा, तिथे त्याचा शब्द कागदावर उतरवून दुसऱ्या गावी तपासायला पाठवला जात होता. वर्तमानपत्रांनी देशभर ते छापले.

डिसेंबर 1891 मध्ये जेकब निर्दोष सुटला.

व्हर्सायशी साम्य आहे ते इथे. फ्रान्समध्ये हार चोरीला गेला, हैदराबादेत हिरा खरा होता आणि जागेवर होता. तिथे सही खोटी, इथे पैसे खरे. जेकबला भामटा म्हणणेही अवघड आहे. भरमसाट नफा घेणारा दलाल म्हणा, त्याहून पुढे कोर्ट गेले नाही. पण दोन्हीकडे आरोपीची सुटका हाच गादीवरचा ठपका ठरला. कार्दिनाल सुटला म्हणजे राणीबद्दल काहीही खरे मानता येते. जेकब सुटला म्हणजे शपथेवर सांगितलेला निजामाचा शब्द ज्यूरीला पुरेसा वाटला नाही. राजा फिर्यादी असूनही त्याला काही मिळवायचे नव्हते. शिक्षा झाली असती तरी दरबारातला व्यवहार असा नोकराच्या मध्यस्थीने, तोंडी, बिनचिठ्ठीचा चालतो, हे जगाला कळलेच असते. पुढे तडजोड झाली आणि हिरा निजामाकडे राहिला. जेकबला यातून काही लाभले नाही. खटल्याच्या खर्चाने तो धुऊन निघाला, संस्थानिकांनी दारे बंद केली, सिमल्याचे वैभव ओसरले. 1921 मध्ये तो मुंबईत वारला, जवळजवळ निर्धन.

निजामावर कोणती आपत्ती ओढवली? फ्रान्सप्रमाणे इथे क्रांती झाली नाही. झाले ते वेगळे. वऱ्हाडचा प्रश्न अजून लोंबकळत होता आणि तो सोडवायला 1902 मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादेत आला. निजामाची आणि त्याची भेट झाली, नोव्हेंबरात करार झाला: वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने, त्याबदल्यात निजामाला वर्षाला 25 लाख रुपये. त्यातूनही आधीची कर्जे वळती करून घेतली जायची होती. निजामाला पाठोपाठ जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हा त्या अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा लोक लावू लागले. मला यात विनोदापेक्षा संताप जास्त ऐकू येतो.

हिऱ्यामुळे वऱ्हाड गेले, असे म्हणणे चूक होईल. वऱ्हाड 1853 मध्येच गेले होते आणि कर्झनचा हिशेब रेल्वे, कापूस आणि कारभाराच्या सोयीचा होता. पण सालारजंग ज्या ताठ मानेने गहाण सोडवायची भाषा करी, ती भाषा 1891 नंतर त्या दरबाराला शोभेनाशी झाली. सावकारापुढे पत लागते. 23 लाखांच्या अनामतीचा कागद ज्याच्याकडे नव्हता, त्याने अर्धशतकाचा हिशेब मागायला उभे राहायचे, हे कर्झनसारख्या माणसापुढे निभणारे नव्हते.

आकडे शेजारी मांडले की अंगावर येतात. पन्नास लाखांच्या आसपासच्या कर्जापायी सहा जिल्हे गेले. शेहेचाळीस लाख एका दगडाची किंमत ठरली. पंचवीस लाख सबंध वऱ्हाडचे सालाचे भाडे, म्हणजे हिऱ्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम वऱ्हाडच्या एका सालाच्या जवळपास. 1901 च्या खानेसुमारीत वऱ्हाडात साडेसत्तावीस लाख माणसे होती. त्यांच्यापैकी कित्येकांनी नुकताच 1899-1900 चा दुष्काळ काढला होता. छपन्नचा दुष्काळ म्हणून म्हातारी माणसे त्याचे नाव काढत. यातल्या कोणालाही 1853 मध्ये काही विचारले नव्हते, 1902 मध्येही नाही. आणि विचारायला माणसे नव्हती असे नाही. 1897 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले होते, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते, र. न. मुधोळकरांसारखे कायदेपंडित त्याच गावात राहत होते. मालक कोण, पट्टा कोणाचा, भाडे किती, हे सारे त्यांच्या जमिनीबद्दल होते आणि त्यांच्याखेरीज ठरले. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. 1905 मध्ये सहाचे चार जिल्हे झाले, त्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ उरले.

दप्तरातले धनीपण तरीही सुटले नाही. 1936 मध्ये नवा करार झाला, वऱ्हाडावर निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा शब्दांत मान्य झाले आणि युवराज आझम जाहला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. या युवराजाचे वऱ्हाडच्या कारभारात काही चालत नव्हते. किताब होता, मुलूख नव्हता.

हिऱ्याची गोष्ट मात्र घरातच राहिली. महबूब अली खानाला त्याचा उबग आला असावा. 1911 मध्ये तो वारल्यावर, मुलाला, म्हणजे सातव्या निजामाला, हा हिरा बापाच्या जुन्या जोड्याच्या टोकात कोंबलेला सापडला, असे सांगतात. उस्मान अली खानाने तो कागद दाबायला वापरला, हे तर सर्वज्ञात आहे. पुढे निजामाच्या विश्वस्त निधीतले 173 दागिने भारत सरकारने 1995 मध्ये 218 कोटी रुपयांना विकत घेतले, त्यात हाही आला. ते जवाहीर मुंबईला रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असते आणि अधूनमधून प्रदर्शनाला निघते. 2019 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते मांडले होते. लंडनच्या मालकांनी या हिऱ्याला इम्पिरियल म्हटले, व्हिक्टोरियाही म्हटले. ती नावे मागे पडली. सरकारी यादीत आणि काचेच्या पेटीवरच्या पट्टीवर त्याची नोंद आरोपीच्या नावाने आहे: जेकब हिरा.